दुरुस्तीवाला गावातच तयार करा

प्रश्न : चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला एका संस्थेनं पाच कॉम्प्युटर दिले. त्यातले तीन आज बंद आहेत. जळगावहून माणूस बोलवायचा तर नुसत्या येण्या-जाण्याचेच पैसे जड जातात. वर्षाचा देखभाल करार करावा का? – एक वाचक

उत्तर : दादा, करार नको. तेच पैसे गावातली दोन माणसं शिकवण्यात घाला. बारावीची हुशार पोरं मात्र यासाठी धरू नका. ती उद्या पुण्याला, सुरतेला जातील आणि त्यांनी जावंच. गावात मोटर वायंडिंगचं दुकान असेल तर तो मेकॅनिक घ्या. वीज मोजायचा मल्टिमीटर त्याच्याकडे आहे, हात तयार आहे. सोबत बचत गटाचा हिशेब ठेवणारी एखादी ताई घ्या. कोणतं मशीन कधी, कसं अडलं याची वही तिच्याइतकी नीट कुणी ठेवणार नाही.

खेड्यांतून मी हेच शिकवते. ‘मेलं’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं मशीन पुष्कळदा धुळीनंच अडलेलं असतं. वीज काढा, रॅम (मेमरीचं छोटं कार्ड) बाहेर घ्या, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या पुसा, परत नीट बसवा. दुसरी गोष्ट मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच्या, सीआर २०३२ या गोल सेलची. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर साइटची सुरक्षा मान्य करत नाही. साइट उघडत नाही आणि बोल लागतो नेटवाल्याला! किरकोळ किमतीचा सेल असतो तो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. तुमची मशीन विंडोज ११ घेत नसतील तर भंगारात घालू नका. विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं. तेही या दोघांच्याच हातून टाकून घ्या, शिकवणाऱ्यानं बाजूला उभं राहावं. बोलणं अहिराणीत होऊ द्या. शंका विचारताना मग कुणी लाजत नाही.

आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे? संस्थेकडेच असेल तर आधी तो मागून घ्या. तो नसेल तर शिकलेल्या माणसालाही साधा प्रिंटर जोडताना अडायला होतं. पासवर्ड त्या ताईंच्या वहीत नको, पाकिटात बंद करून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवा.

सरावाला बंद पडलेले तीन आहेतच. एकाचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा), दुसऱ्याची रॅम, असं जमवून एखादा तरी सुरू होतो का, तिथूनच पहिला वर्ग धरा.