पात्राचे हक्क मागणारं अ‍ॅग्रीमेंट आलं असेल तर सही करायच्या आधी हे वाच

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तू लिहिलंयस की तुम्ही दोघं मित्र अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यातला मुकादम आणि जॉबर (माग दुरुस्त करणारा) अशी जोडी करता, ४० हजार सबस्क्रायबर झालेत, आणि आता मोठ्या शहरातल्या एका एजन्सीनं अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय, शनिवारपर्यंत सही मागायलेत, यूट्यूब स्टुडिओत चॅनल लिंक करायचं इन्व्हाइट पण येऊन पडलंय, तर अ‍ॅक्सेप्ट करू का. खाली सगळ्यांनी "संधी सोडू नको" लिहिलंय. मी म्हणते थांब. दोन्हीवर.

कमाई सुरू व्हायला लागणारे १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास, कॅमेरा कुठला, थंबनेल कसा, हे तुला माहिती असणारच, त्यात जात नाही. आणि मी वकील नाही, मी जे भोगलं आणि नंतर वकिलाकडं बसून जे समजून घेतलं तेवढंच सांगते, तुझं अ‍ॅग्रीमेंट वेगळं असू शकतं.

माझं पात्र म्हणजे यल्लूअक्का. विडी वळणारी बाई. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हे काम चालायचं, माझी आई वळायची, त्यामुळं मला ते शिकावं लागलंच नाही. मांडीवर सूप, ओलं केलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं चालू असताना मान वर न करता बोलायचं. अक्काची सगळी गंमत त्या न थांबणाऱ्या हातात आहे. चेकर तिच्या विड्या बाजूला काढतो तेव्हा ती म्हणते, "पान तुमचं, तंबाखू तुमचा, दोरा पण तुमचा, मग बोटं काय महापालिकेची का बे?" भाषा आपली सोलापुरी, मधेच तेलुगू, मधेच कानडी. हे पात्र मी कुठल्या ऑफिसात बसून बनवलेलं नाही.

२०१९ ला एका एजन्सीशी करार झाला. नाव घेणार नाही, विचारू पण नका. त्यात एक ओळ होती की कराराच्या काळात तयार झालेला कंटेंट, स्क्रिप्ट, पात्रं आणि त्यांची नावं याचे हक्क एजन्सीकडं राहतील. मी सही करायच्या आधी फोनवर विचारलं होतं की अक्का तर आधीपासूनची आहे मग ती यात कशी, तर म्हणाले मॅडम हा स्टँडर्ड क्लॉज आहे, सगळ्यांना असतो, तुमची अक्का तुमचीच. हे बोलणं फोनवरच राहिलं. कागदावर काहीच आलं नाही.

चॅनल त्यांच्या नेटवर्कला, म्हणजे एजन्सीनं एकत्र बांधलेल्या चॅनलच्या गटाला, लिंक झाला. एकदा लिंक झालं की जाहिरातीचे पैसे त्यांच्या खात्यावर जातात आणि ते तुला देतात. हिशोब बघ, मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीच्या १०० रुपयातले ५५ क्रिएटरचे (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा, तिथं ४५ टक्के). एजन्सी ३० टक्के घेत असेल तर ५५ मधले साडेसोळा गेले, हातात राहिले साडेअडतीस, ते पण त्यांना वाटेल तेव्हा. मला कधी व्हिडिओवार स्टेटमेंट मिळालं नाही, नुसता आकडा यायचा. त्यात जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, तिथली माझी सगळी माणसं एका रात्रीत गेली आणि माझ्याकडं फक्त हा एक चॅनल राहिला. हे एजन्सीला पण पक्कं माहिती होतं.

पैशाचं एक वेळ सहन केलं असतं. पण मग सुरू झालं की सोलापुरी कमी करा, 'बे' काढा, तेलुगू काढा, पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायला पाहिजे. अरे माझे निम्मे बघणारे पुण्यात कामाला गेलेले सोलापूरचेच लोक होते, त्यांना तेच ऐकायचं होतं! मी नाही बदललं. कराराची मुदत संपली तसं मी लेखी कळवलं, चॅनल अनलिंक करा. उत्तर यायचं "टीमला कळवलंय". ती टीम कोण, कुठं बसते, आजपर्यंत मला कळलेलं नाही. फोन लावला की वेगळाच मुलगा उचलायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावायचा. यूट्यूबला लिहिलं तर त्यांचं म्हणणं असं की नेटवर्क आणि क्रिएटर यांच्यातला करार हा तुमच्यातला विषय, आम्ही मधे पडत नाही. ते खरंच पडत नाहीत, ही आशा ठेवू नको.

मग मी दुसरा चॅनल काढून अक्काचे नवीन भाग टाकले. जुन्या भागांचे तुकडे, माझीच टायटलची धून, त्यावर एजन्सीचे क्लेम आले, म्हणजे हा कंटेंट आमचा आहे असा कॉपीराइटचा दावा. क्लेमवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकला की समोरच्याला ३० दिवस असतात उत्तर द्यायला आणि ही मंडळी मुद्दाम शेवटपर्यंत ताणायची. (डिस्प्यूट टाकायचाच असेल तर क्लेम आल्यापासून ५ दिवसात टाक, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूबवाले अडकवून ठेवतात, कोणालाच देत नाहीत, उशीर केला तर आधीचे गेले.) आणि सगळ्यात लागलेली गोष्ट, त्यांनी त्यांच्या चॅनलवर दुसरी मुलगी बसवून अक्का चालू ठेवली. तसंच लुगडं, तसंच सूप. त्या पोरीवर माझा राग नाही, तिला काम मिळालं, तिनं केलं. पण ती पान कापताना थांबून बोलायची, हात रिकामा. ते बघून माझी आई उठून आत गेली.

शेवटी सोलापुरातल्याच एका वकीलबाईंनी अ‍ॅग्रीमेंट ओळ न् ओळ वाचलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क लिहून दिले पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. माझ्या त्या ओळीत मुदतच नव्हती. नोटीस गेली, चॅनल अनलिंक झाला, आणि अक्का मला २०२४ ला पूर्ण परत मिळाली. तुझ्या कागदात 'कायमस्वरूपी' किंवा तसला शब्द असेल तर ही वाट तुला मिळणार नाही, म्हणून तो शब्द आधी शोध.

आता माझं मत, पटलं तर घे. चॅनल गेला तर दुसरा काढता येतो, त्रास होतो पण येतो. पात्र गेलं तर तुम्ही दोघं काय करणार? लोक तुमच्यासाठी येत नाहीत अजून, मुकादम-जॉबरसाठी येतात. म्हणून अ‍ॅग्रीमेंटला एक यादी जोडायला लाव, करार होण्याआधीची पात्रं, त्यांची नावं, ठरलेली वाक्यं, झालेले सगळे भाग, हे आमचं आहे आणि आमचंच राहील, त्यांना फक्त मुदतीपुरती वापराची परवानगी. तुम्हाला 'कर्मचारी' म्हटलंय का ते पण बघ, पगारी नोकरानं नोकरीत केलेलं लिखाण सहसा मालकाचं धरतात. जोडीच्या नावाचा ट्रेडमार्क टाक, क्लास ४१ (करमणुकीचा वर्ग), स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी ४५०० रुपये आहे. नाव कोणाच्या मालकीचं, तुझ्या की मित्राच्या की दोघांच्या, हे आत्ताच साध्या कागदावर लिहून दोघं सह्या करा. आज दोस्ती आहे म्हणून आज होईल.

लिंकचं इन्व्हाइट अ‍ॅक्सेप्ट करू नको. एजन्सी ब्रँडची कामं आणणार असेल तर आणलेल्या कामावर कमिशन दे, त्यासाठी चॅनल लिंक करायची काय गरज? एडिटिंग तेच करणार असतील तर स्टुडिओच्या परमिशनमधून 'एडिटर लिमिटेड' दे, त्याला कमाई दिसत नाही. मॅनेजर देऊ नको, तो बाकीच्यांना आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो. ओनर तर कोणालाच नाही, सख्ख्या भावाला पण नाही.

सगळ्या एजन्स्या अशा असतात असं माझं म्हणणं नाही, माझ्या ओळखीच्या एकाचं चांगलं चाललंय. पण जी एजन्सी फोनवर कबूल केलेलं मेलवर लिहून देत नाही तिच्याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते बदलणार नाही.

स्टेजचं पण बघ. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा गावच्या जत्रेत शो मिळाला तर त्यातला वाटा त्यांना का? 'सर्व माध्यमं' लिहिलं असेल तर ते मागतात. माझ्याकडं मागितला होता, तिकीट मीच विकलेलं असताना.

शनिवारचं म्हणशील तर आज एवढाच मेल टाक की वकिलाला दाखवून पुढच्या आठवड्यात कळवतो. खरंच तुम्ही हवे असाल तर आठवडाभर थांबतील. हक्काचा क्लॉज आहे ते पान एजन्सीचं नाव झाकून मला मेसेजमध्ये पाठव, मी वाचून सांगते, आणि त्या वकीलबाईंना विचारून त्यांचा नंबर देते.

आणि तुमचा परवाचा व्हिडिओ बघितला, मागं लूम चालू असताना संवाद कळत नाहीत. लूमचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करून खाली लाव, शूट सुट्टीच्या दिवशी कर, कॉलर माइक बनियनच्या आत टेपनं चिकटव. जॉबर स्पॅनर खाली ठेवतो आणि मुकादम घड्याळ बघतो तो भाग मी तीनदा बघितला, तो कुठल्याही एजन्सीच्या सांगण्यावरून छोटा करू नका.