पुटिका म्हणजे पेशी नव्हे

एका वाचकाचा प्रश्न : 'अश्रूंमधल्या एक्सोसोमवरून नेत्रविकार ओळखण्याचे प्रयोग चालू आहेत असं वाचलं. एक्सोसोम आणि एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल एकच का? मराठीत काय म्हणावं?'

'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल'ला 'पेशीबाह्य पुटिका' म्हणा. 'सूक्ष्म पेशी' मात्र म्हणू नका, ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. पुटिकेला केंद्रक नसतं, तिचं विभाजन होत नाही. पेशीने आपल्याच पटलात, म्हणजे पातळ आवरणात, प्रथिनं आणि आरएनए बांधून बाहेर सोडलेली ती पुडी आहे.

पुडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. संस्कृत 'पुट' म्हणजे घडी, दुमडून केलेली खोलगट जागा. घोटकाचा घोडा झाला, घटाचा घडा झाला, तसा पुटाचा पुडा झाला. पुडी आणि पुडकं त्याच घरातले. संस्कृतातल्या नासापुटाला आपण नाकपुडी म्हणतो. आणि खरी गंमत डोळ्यापाशी आहे! सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या उत्तरतंत्र या भागात नेत्रोपचारांमध्ये 'पुटपाक' येतो : औषधाचा गोळा पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि पिळून निघालेला रस डोळ्यात घालायचा. तेव्हा पुटातून औषध डोळ्यात जात होतं, आता डोळ्यातून निघालेल्या पुटिकेत रोगाची खूण शोधतात. 'पुटकुळी'देखील याच कुळातली असावी, असा माझा अंदाज आहे.

काही जाणकार लॅटिनकडे बोट दाखवतात : 'वेसिका' म्हणजे मूत्राशय, म्हणून 'आशयिका' म्हणा. मला हे साफ अमान्य आहे. मूळ शब्दाचा अवयव उचलून आणला की अर्थ आला असं होत नाही. लघुत्व दाखवायला 'इका' पुरेसा आहे, आणि पुडीत काहीतरी बांधलेलं असतं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इथे महत्त्व त्या बांधलेल्या ऐवजालाच आहे. दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचा, तुकडा काढून तपासणं धोक्याचं. पण तिथल्या पेशींच्या पुड्या नेत्रजलात (अश्रू नव्हे, डोळ्याच्या आत पुढच्या भागात असलेलं पाणी) किंवा काचद्रवात (डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव) सापडू शकतात. तेही सुई घालूनच मिळतात, म्हणून बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळी घेतात. अश्रू मात्र कागदी पट्टीवर टिपता येतात.

एक्सोसोमचं राहिलंच. ती पेशीबाह्य पुटिकेची एक जात, दोन्ही एकच नव्हेत. पेशीच्या आतल्या कप्प्यात तयार होऊन बाहेर पडते ती पुटिका एक्सोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरची. बाहेरच्या पटलालाच फुगवटा येऊन तुटते ती वेगळी, पण तीही तेवढी लहान असू शकते. नुसत्या आकारावरून जन्म कुठला ते ठरत नाही, म्हणून खात्री नसेल तिथे 'पेशीबाह्य पुटिका' हाच शब्द बरोबर.