डिक्कीत स्टेपनी नाही, आता काय?

प्रश्न (खानापूर): नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली. डिक्कीची फळी उचलली तर स्टेपनीच्या जागी एक बाटली आणि हवा भरायचं छोटं यंत्र. शोरूमवाले म्हणतात, कायद्यानं चालतं. खरं का? आम्हाला चोर्ला घाटातून वरचेवर गोव्याला जावं लागतं.

उत्तर: खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी टीपीएमएस यंत्रणा आणि पंक्चर किट (म्हणजे तुमची ती बाटली आणि यंत्र) असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. कंपनीचा खर्च वाचतो, गाडीचं वजन कमी होतं आणि बॅटरीला किंवा सीएनजीच्या टाकीला जागा मिळते.

पण नियमात बसलं म्हणून घाटात भागेलच असं नाही. बाटलीतलं रसायन फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातलं, खिळ्याएवढं भोक बुजवतं. बहुतेक किटांची मर्यादा ४ ते ६ मिलिमीटर. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर ते निरुपयोगी. ही भिंत पातळ असते आणि चाक फिरताना सतत वाकते, त्यामुळे तिथे रसायन धरत नाही आणि पंक्चरवाला भोकात खुपसतो ती रबरी स्ट्रिपही टिकत नाही. पावसाळ्यानंतर जांबोटी-कणकुंबी बाजूला धोका नेमका हाच. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आपटलं की टायर दगड आणि रिम यांच्यात चिमटतो, आतले धागे तुटतात. तेव्हाच फुटला नाही तर भिंतीवर टेंगूळ येतं. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. घाटात मोबाइलला रेंज नसलेल्या जागाही आहेत, तेव्हा टोचन मागवणं सोपं नाही. तुमच्यासाठी सल्ला स्पष्ट आहे: स्टेपनी विकत घ्या.

प्रश्न (निपाणी): माझं जाणं-येणं हायवेवर, फार तर कोल्हापूर किंवा बेळगाव. किट पुरेल ना? वापरायची कशी?

उत्तर: पुरेल. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या. तवंदी घाटात असाल तर वळण ओलांडून सरळ जागी. हॅण्डब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा. खिळा उपटू नका, तोच भोक अडवून असतो. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. बाटली चांगली हलवून यंत्राला जोडा, नळी टायरच्या व्हॉल्व्हला घट्ट बसवा आणि यंत्र सुरू करा. सुरुवातीला यंत्रावरचा दाबाचा काटा एकदम वर जातो. रसायन व्हॉल्व्हमधून जात असतं म्हणून. अर्ध्या मिनिटात तो खाली येतो, घाबरून यंत्र बंद करू नका. दहा मिनिटांत साधारण २६ पीएसआयसुद्धा झाले नाहीत तर नळी काढून गाडी दहा मीटर पुढे-मागे घ्या म्हणजे रसायन आत पसरेल, मग पुन्हा भरा. तरीही दाब चढेना, तर भोक मोठं आहे, टोचन बोलवा.

दाब भरला की लगेच निघा, ताशी ८० च्या आत. दहा मिनिटांनी थांबून दाब बघा. १९ पीएसआयच्या खाली आला असेल तर पुढे जाऊ नका. दाब टिकून असेल तर दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरून थेट पंक्चरवाल्याकडे. आत रसायन आहे हे त्याला आधीच सांगा, कारण टायर आणि आतला सेन्सर धुवावा लागतो. पक्कं काम म्हणजे आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात आणि टोपी आतून चिकटणारं ठिगळ. बाटली एकदाच चालते आणि तिच्यावर मुदतीची तारीखही असते. ती कुणी वाचत नाही, म्हणून ऐन वेळी आत घट्ट गोळा सापडतो.

प्रश्न (चिक्कोडी): कारखान्याचा हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्यांनी शिवाररस्ते फुटतात. वेगळी स्टेपनी घ्यायची तर काय बघायचं?

उत्तर: रिमचा बोल्टांचा वर्तुळव्यास म्हणजे पीसीडी, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर) हे तिन्ही जुळले पाहिजेत. टायरचा बाहेरचा व्यास मूळ चाकाइतकाच हवा. तुमच्या मॉडेलला मोठी डिस्क ब्रेक असेल तर लहान रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या पकडीला, घासतं. विकत घेण्याआधी चाक बसवून हातानं फिरवून पाहा. अलॉय आणि लोखंडी रिमचे नट बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात, तेव्हा लोखंडी रिम घेतलं तर त्याचे नटही घ्या. जुना टायर मिळत असेल तर बाजूच्या चार आकड्यांवरून वय ओळखा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

किटच्या गाडीत जॅक आणि पाना बहुतेकदा नसतो, मग दोन्ही घ्यावे लागतात. इलेक्ट्रिक गाडीत जॅक फक्त खुणेच्या जागीच लावायचा, बाकी पोटाखाली बॅटरी आहे. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून एक फूट लांबीची जाड फळी ठेवा. नट समोरासमोर आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. डिक्कीत चाक पट्ट्यानं बांधा. मोकळं चाक जोराच्या ब्रेकला पुढे येतं.

अरुंद तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यात ६० पीएसआय हवा लागते आणि वेगाची मर्यादा ८०. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती मागेच लावा. पंक्चर पुढचं असेल तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या.

प्रश्न (संकेश्वर): हवेच्या खुणेचा दिवा आधी लुकलुकतो, मग तसाच जळत राहतो. हवा भरली तरी जात नाही.

उत्तर: हवा कमी असेल तर दिवा सहसा न लुकलुकता जळतो. सुरू करताना मिनिटभर लुकलुकून मग कायम राहिला तर सेन्सरमध्ये बिघाड. सेन्सरची छोटी बॅटरी संपली असण्याची शक्यता जास्त. तोपर्यंत दाब साध्या गेजनं, टायर थंड असताना मोजत जा.