वाचकांचे प्रश्न : सिम एक, पडदे चार

इतवारीतील एक ठोक व्यापारी : दुकानातल्या अँड्रॉइड फोनवर व्यवहाराचे सगळे मेसेज येतात. ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणि घरच्या लॅपटॉपवरही दिसावेत म्हणून गूगल मेसेजेस जोडलं. दुकानात दिसतात, पण घरी लॅपटॉप उघडला की ‘दुसरीकडे सुरू आहे’ असं येतं. कधी तर दोन-दोन तास नवा मेसेजच येत नाही. नेटवर्कमध्ये गडबड आहे का जी?

नेटवर्कचा यात काही दोष नाही. ईमेलची मूळ प्रत सर्व्हरवर असते, म्हणून ती कुठूनही उघडता येते. एसएमएसचं तसं नाही. तो सिमच्या नावाने निघतो, सिम ज्या फोनमध्ये आहे तिथे उतरतो आणि पोचला की कंपनीच्या संदेश केंद्रातून काढला जातो. कॉम्प्युटरवर दिसते ती तुमच्या फोनने इंटरनेटवरून पाठवलेली नक्कल. म्हणजे फोन बंद, झोपलेला किंवा डेटा संपलेला असेल तर कॉम्प्युटर नवीन काही दाखवू शकत नाही. दोन्ही एकाच वायफायवर असायला हवेत असं मात्र काही नाही.

गूगल मेसेजेसला अनेक कॉम्प्युटर जोडता येतात, पण एका वेळी एकच चालू राहतो. घरी तो संदेश आला की ‘इथे वापरा’ दाबा. दुकानातला आपोआप थांबेल. जोडताना ‘हा कॉम्प्युटर लक्षात ठेवा’ असा पर्याय येतो, तो घरी चालू ठेवा. दुकानाच्या कॉम्प्युटरला मुनीमजींसह चार जणांचा हात लागत असेल तर तिथे बंद. जुन्या जोडण्या फोनवर मेसेजेसमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘डिव्हाइस पेअरिंग’मध्ये दिसतात. ओळखीची नसलेली प्रत्येक जोडणी तिथूनच काढून टाका.

दोन तासांच्या उशिराचं कारण बहुतेक वेळा बॅटरी वाचवणारी व्यवस्था असते. पडदा बंद करून फोन पंधरा मिनिटं पडू द्या आणि दुसऱ्या नंबरवरून एक एसएमएस पाठवा. पडदा उघडताक्षणी तो कॉम्प्युटरवर आला तर दोष तिथेच आहे. सेटिंग्ज, ॲप्स, मेसेजेस, बॅटरी असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. त्याच ॲपच्या मोबाइल डेटाच्या पानावर बॅकग्राउंड डेटा चालू आहे ना, तेही बघा. शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. आणखी एक : मे महिन्यात दुपारी फोन काउंटरवर उन्हाच्या तिरपेत चार्जिंगला लावून ठेवू नका. तापला की तो चार्जिंग थांबवतो, आणि संध्याकाळी बॅटरी संपून तुमचा कॉम्प्युटर मुका होतो.

धरमपेठेतील वाचक : आयफोन आणि आयपॅड आहे. मैत्रिणींचे निळे मेसेज आयपॅडवर येतात, बँकेचे हिरवे येत नाहीत. शिवाय आयपॅडवरून पुसलेला मेसेज आयफोनवरूनही गेला.

या दोन गोष्टींची बटणं वेगवेगळी आहेत. निळे म्हणजे आयमेसेज. ते ॲपल खात्यावर येतात, म्हणून दोन्हीकडे दिसतात. हिरवे सिमवर येतात आणि आयफोनने पुढे पाठवले तरच आयपॅडला मिळतात. आयफोनवर सेटिंग्ज, ॲप्स, मेसेजेस, ‘टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग’ उघडून आयपॅडपुढचं बटण चालू करा. (जुन्या आवृत्तीत ‘मेसेजेस’ थेट सेटिंग्जच्या यादीत सापडतं.) यादीत आयपॅड दिसतच नसेल तर दोन्हीकडे एकच ॲपल खातं आणि आयमेसेज चालू आहे का, ते तपासा.

पुसलेलं दोन्हीकडून गेलं, कारण ‘मेसेजेस इन आयक्लाउड’ चालू आहे. त्याचं कामच ते. एकीकडे केलेला बदल सगळीकडे होतो. बॅकअप समजून त्यावर विसंबू नका. मेसेज ॲपमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ या कप्प्यात पुसलेलं साधारण ३० दिवस राहतं, तिथून परत आणता येईल.

घरभर एकच ॲपल खातं वापरणाऱ्यांनी जपावं. वर सांगितलेलं बटण चालू झालं की तुमचे ओटीपी मुलांच्या गेम खेळायच्या आयपॅडवरही उमटतात. प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवून ‘फॅमिली शेअरिंग’ करा.

मानेवाड्यातील निवृत्त शिक्षक : जुन्या सिमऐवजी ई-सिम घेतलं, फोनही नवा. दिवसभर एकही ओटीपी नाही. जुने मेसेजही आले नाहीत.

ओटीपीसाठी चोवीस तास थांबा. सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवरचे येणारे-जाणारे एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, कारण दुसऱ्याच्या नावावर सिम काढून ओटीपी पळवणारे असतात. यूपीआय ॲपची नोंदणीही तोवर अडते, कारण ते ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खातरजमा करतं. जुनंच सिम नव्या फोनमध्ये घातलं असतं तर हा प्रश्न आला नसता.

जुन्या एसएमएसचा गूगल बॅकअप फोन पहिल्यांदा सुरू करतानाच उतरतो. ती पायरी ओलांडली असेल तर फोन रीसेट करा, किंवा जुन्या फोनवर ‘एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर’ या ॲपने फाइल बनवून ती नव्या फोनवर उतरवा. आमच्या मते दुसरा मार्ग कमी त्रासाचा. उतरवताना ते ॲप स्वतःला मुख्य मेसेज ॲप करायला सांगेल. अँड्रॉइड ४.४ पासून एसएमएस लिहिण्याची मुभा एका वेळी एकाच ॲपला असते. काम झालं की मुख्य ॲप पुन्हा पहिलंच करा. हे विसरलं की ‘नवे मेसेज येणं बंद झालं’ अशी तक्रार सुरू होते.

पुण्यात नोकरी करणारा वाचक : आईबाबा नागपुरात खामल्यात राहतात. त्यांचे मेसेज मला इथे दिसावेत म्हणून एकाने फॉरवर्डिंगचं ॲप सुचवलं. टाकू का?

नका टाकू. असं ॲप प्रत्येक एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ओटीपी कोणाच्या सर्व्हरवरून फिरतो ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके (फोनवर ॲप बसवणाऱ्या) फायली हीच परवानगी घेऊन खाती रिकामी करतात. तशी फाइल आधीच उघडली गेली असेल तर फोनचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

गूगल मेसेजेसची जोडणी नागपूर-पुणे अंतरावरही चालते. पण तेव्हा त्यांचा ओटीपी तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर झळकेल, हे धरून चाला. फक्त पेन्शन जमा झाली का, एवढंच बघायचं असेल तर बँकेत सांगून ईमेल अलर्ट सुरू करून घ्या.

महालातील शिकवणी वर्ग : कॉम्प्युटरवरून ६० पालकांना मराठीत सूचना पाठवतो. पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस आहेत, तरी मधेच जाणं थांबतं.

कॉम्प्युटरवरून पाठवला तरी एसएमएस तुमच्याच सिमवरून जातो आणि त्याच पॅकमधून वजा होतो. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्याहून लांब झाला की ६७-६७ चे तुकडे पडतात. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सुट्टी’ दिसायला दोन अक्षरं, मोजायला सहा. तुमची सूचना ११० ची असेल तर दर पालकामागे दोन एसएमएस, म्हणजे पन्नास पालकांवर शंभर संपले. इंग्रजी मजकुरात एक इमोजी घातली तरी मर्यादा ७० वर येते.