शाकाहारी झालो, आता घरच्यांना कारण काय सांगू?

प्रश्न: ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातला, नोकरीला पुण्यात. एका मित्राच्या पोल्ट्रीवर गेलो होतो, तिथं रात्री कोंबड्या पाय धरून गाडीत भरताना बघितल्या आणि तेव्हापासून चिकन-मटण घशाखाली उतरेना, सोडूनच दिलं. पण जत्रेला गावी गेलं की आईचा चेहरा पडतो, चुलते म्हणतात काय भटजी झालास काय, आणि मित्र कारण विचारतात. मी कधी हेल्थ सांगतो, कधी पर्यावरण, कधी अध्यात्म, आणि दरवेळी कुणीतरी खोडून काढतंच. सगळ्यांना पटेल असं एक कारण सांगा ना.

उत्तर: कारण तर तूच लिहिलंयस की. पोल्ट्रीवर जे बघितलंस ते सहन झालं नाही, बास, एवढं पुरे आहे. ते मनात ठेवून दुसरी कारणं पुढं करतोस म्हणून अडकतोस. हेल्थचंच घे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सॉसेज, बेकन, सलामी असलं प्रोसेस्ड मीट कॅन्सर होण्याची खात्रीशीर कारणं असतात त्या गटात टाकलं आणि मटण-बीफसारखं लाल मांस त्याच्या खालच्या, 'बहुधा कारण' या गटात. पण त्यात चिकन नाही, मासे नाहीत, आणि मटण सोडून रोज वडापाव आणि फरसाण खाल्लं तर तब्येत काय सुधारणार? पर्यावरणाचं कारण खरंच वजनदार आहे, गाई-म्हशी-शेळ्यांच्या पोटात चारा पचताना मिथेन तयार होतो, आणि माणसामुळे बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण १४.५ टक्के पशुपालनातून येतात असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये दिला होता. पण मग दूधही त्याच जनावरांचं ना. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, म्हणजे पर्यावरणासाठी मटण सोडलं आणि हॉटेलात गेलं की दरवेळी पनीर, हे जुळत नाही. कारण कुठलं आहे त्यावर ताटात काय वाढायचं ते ठरतं, म्हणून मी म्हणते की आपलंच कारण धरावं.

तुझं कारण दयेचं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. ब्रॉयलर कोंबडी ३५-४० दिवसांत दोन किलोची होते आणि तेवढंच तिचं आयुष्य, हे ज्याला बघवत नाही त्यानं ते सरळ सांगावं. फक्त हे कारण धरलंस की पुढचे प्रश्नही येणार, अंड्याचा पहिला. अंड्यासाठीच्या जातीत नर पिल्लांचा उपयोग नसतो म्हणून हॅचरीत ती बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारली जातात. अंडी खायची की नाही ते तू ठरव, एका दिवसात सगळं सोडलंच पाहिजे असं काही नाही.

आता भटजीचा टोमणा. चुलत्यांचा राग करू नकोस, आपल्याकडं ताटात काय आहे ते बघून पिढ्यानपिढ्या माणसांना कमी लेखलंय आणि आजही भाड्यानं घर बघायला गेलं की 'फक्त व्हेज' ऐकावं लागतं, ते डोक्यात असतंच माणसाच्या. त्यामुळं 'शुद्ध', 'सात्त्विक' हे शब्द घरात काढूच नको, आईनं आयुष्यभर जे रांधलं ते मग अशुद्ध होतं का? पण चुलत्यांना गावातल्या माळकऱ्यांची आठवण जरूर करून दे. शेतकरी असो, धनगर असो, सुतार असो, पंढरीची माळ गळ्यात घातली की मटण बंद. घरातले बाकीचे खातात, मटणाची भांडी वेगळी, चूल परड्यात मांडलेली, आणि म्हातारबाबा आत आपली भाकरी-आमटी जेवतात, कुणी कुणाला नावं ठेवत नाही. त्यांना कोण म्हणतं भटजी झालास म्हणून?

आईचं दुखणं वेगळंय, तिला पोराला आवडीचं करून वाढायचंय. जायच्या आधी फोन करून सांग, माझ्यासाठी अख्खा मसूर कर, तोच कांदा-लसूण मसाला, तशीच तर्री. तिला आधी कळलं की ती मनापासून करेल.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, आम्ही रत्नागिरीचे, घरात मासे रोजचे. तिनं मात्र सगळं बंद केलंय, अंडंसुद्धा नाही, भात-आमटीवर राहते. वाढीचं वय, प्रोटीनचं काय? जबरदस्ती करू का?

उत्तर: जबरदस्ती नको, पण तुमची काळजी बरोबर आहे. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, वाढत्या मुलांना त्याहून थोडं जास्त. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास असतं, पण आपल्या पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते किती? तेव्हा घट्ट वरण, कुळथाची पिठी, चवळी-मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, दही असं दोन्ही जेवणांत काहीतरी हवंच. सोयाच्या वड्या आवडल्या तर उत्तम, १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. नाचणीची भाकरी कॅल्शियमसाठी ठेवा. पाळी सुरू झाली असेल तर लोहाकडं जास्त लक्ष द्या, उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणाला लागून नको, तास-दीड तासानं चालेल, चहामुळं लोह कमी शोषलं जातं.

आणि बी-१२. हे डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दूध-दह्यातून मिळतं पण ती दूधही टाळत असेल तर गोळी लागणारच. स्पिरुलिना म्हणून शेवाळाची पावडर-गोळ्या विकतात, त्यातून मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही. एकदा हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या आणि गोळ्यांचा डोस रिपोर्ट बघून डॉक्टरांनाच ठरवू दे.