नेते नाशिकला कांद्याच्या प्रश्नावर बैठक घेतात, मग वर्तमानपत्रांत छायाचित्र मिसळ खातानाचे किंवा फेटा बांधून घेतानाचेच का येते?

याचे मुख्य कारण असे की बैठकीतला निर्णय कॅमेऱ्याला दिसत नाही आणि फेटा दिसतो. काही वर्षे पान लावण्याचे काम केल्यामुळे हे सांगतो: बैठकीत छायाचित्रकारांना सहसा सुरुवातीची काही मिनिटेच थांबू देतात, त्यामुळे हाती लागते ते लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि कागदांत खुपसलेली डोकी, उलट मिसळीचा घास घेणारा नेता दोन कॉलमांतही चटकन ओळखू येतो, मोबाइलवर तर अधिकच. प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असल्याने असे क्षण बहुधा दौऱ्यात आधीच पेरलेले असतात, आणि पान सोडण्याच्या घाईत उपसंपादक समोर असेल ते उचलतो. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नाशिकला आले, तेव्हा काळाराम मंदिराच्या आवारात ते स्वच्छता करत असल्याची छायाचित्रे देशभर झळकली. त्या वेळी कांद्यावर निर्यातबंदी होती, पण बंदीचे छायाचित्र काढणार कसे? लासलगावच्या बाजार समितीत थांबलेला लिलाव हे त्याचे जवळचे चित्र, आणि तिथे नेता नसतो. मात्र वरवर साधे वाटणारे प्रत्येक छायाचित्र निरर्थक नसते. काळाराम मंदिराच्या दारात उभा असलेला नेता दलितांना तिथे प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या १९३० च्या सत्याग्रहामुळे पुष्कळ काही सांगू शकतो. फक्त तो संदर्भ छायाचित्राखालच्या ओळीत यावा लागतो, आणि ती ओळ बहुतेकदा उपस्थितांच्या नावांतच संपते.