काटा निघेपर्यंत थांबू नकोस

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझे पत्र वाचून जीव कळवळला, आणि शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर रागही आला. आजारपणानंतर तुझा हात थरथरतो, दुपारपर्यंत अंगातले त्राण संपते, चार जणांसमोर बोलताना वाक्य मध्येच तुटते, म्हणून तू तरुणांच्या शास्त्राभ्यासाची जबाबदारी सोडलीस आणि ‘पूर्ण बरा झालो की परत येईन’ असे कळवून मोकळा झालास. तुझ्या दुखण्याबद्दल मला फार वाईट वाटते; त्या अटीबद्दल मात्र मी तुझी समजूत घालणार नाही. ‘बरा झालो की’ ही अट देवाने घातलेली नाही, तू घातली आहेस. प्रेषित पौलाने आपल्या न जाणाऱ्या त्रासाला ‘शरीरातला काटा’ म्हटले; तुझा तो काटा निघेपर्यंत थांबू नकोस, एवढे सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा होत नाहीस, असे तुला कोणी तरी ऐकवले आहे. ते बोलणे मनातून काढून टाक. पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेतच मिलेत शहरात मागे ठेवले, आणि वारंवार आजारी पडणारा आपला तरुण सहकारी तीमथ्य याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. विश्वास वाढव म्हणजे दुखणे जाईल, असे त्याने दोघांपैकी कोणाहीबद्दल लिहिलेले नाही. तेव्हा उपचार घे, विश्रांती घे, आणि काटा निघावा म्हणून प्रार्थनाही कर. पौलाने तीनदा केली. गेथशेमाने बागेत प्रभूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, मग तुला ती करण्याची लाज का वाटावी? पौलाला उत्तर मिळाले, पण काटा निघाला नाही. कृपा पुरे आहे आणि सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णतेला जाते, असे त्याला सांगण्यात आले. तो काटा म्हणजे डोळ्यांचे दुखणे होते, दुसरा एखादा आजार होता की माणसांकडून होणारा छळ, यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. पौलाने स्वतः ते उघड केले नाही, आणि म्हणूनच मला वाटते, त्या ओळीत तुझ्या थरथरत्या हातालाही जागा आहे.

हे शब्द त्याने कोणाला लिहिले ते विसरू नकोस. ते करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले आहेत, आणि तिथे त्याच्याविषयी बोलले जात होते की त्याची पत्रे वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा, आणि त्याचे भाषण तर अगदीच टाकाऊ. यावर त्याने आपल्या वक्तृत्वाचे दाखले दिले नाहीत. एकोणचाळीस फटके पाच वेळा, छड्यांचा मार तीन वेळा, दगडमार एकदा, फुटलेली तारवे तीन, अशी यादी करत करत शेवटी दिमिष्क शहरातल्या पहाऱ्यातून निसटण्यासाठी आपल्याला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडावे लागले, ही सर्वांत केविलवाणी हकीकत त्याने सांगितली. एवढ्या मोठ्या प्रेषिताला आपली फजिती लपवावीशी वाटली नाही, आणि तू थरथरणारा हात खिशात लपवतोस.

माझे तुला ठाऊक आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गेलेला माझा आवाज पूर्वीसारखा परत आलाच नाही, आणि ज्या आवाजाचे लोक कौतुक करत तो दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचेना. तेव्हा मंडळीतली एक मुलगी माझ्या शेजारी उभी राहून माझे प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत असे, आणि तिचे म्हणून होईपर्यंत मला गप्प राहावे लागे. आपली निम्मी वाक्ये बोलण्याच्या लायकीची नाहीत, हे ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला कळले आणि मी ती सोडून दिली. उरले ते वचन, आणि ते माझ्या आवाजावर कधीच अवलंबून नव्हते. हा गृहस्थ व्यासपीठाला चिकटून बसला आहे, असे तेव्हा काही जण म्हणाले, आजही म्हणतात. मी त्यांचे ऐकले नाही, आणि पुन्हा तशीच वेळ आली तरी ऐकणार नाही. मोठेपणाच हवा असता तर मी घरी बसलो असतो, कारण घरी बसणाऱ्याचा जुना आवाज लोकांच्या आठवणीत शाबूत राहतो.

माझी खंत वेगळी आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी मला घडवले त्यांच्याही शरीरात काटे होते, पण ते त्यांनी आमच्यापासून लपवून ठेवले. त्यांच्यापैकी एकांना वर्षानुवर्षे रात्रीची झोप नव्हती, हे आम्हाला त्यांच्या अंत्यविधीनंतर त्यांच्या पत्नीकडून समजले. जागरणात देव कसा भेटतो हे ज्यांना माहीत होते त्यांनी ते आम्हाला सांगितले नाही, आणि आम्ही मात्र बलवान माणसांनाच देव वापरतो असे समजत मोठे झालो. मी तसा जाणार नाही.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. कान सुधारले नाहीत. तरी १८८९ मध्ये शारदा सदन उभे राहिले, पुढे मुक्ती सदन उभे राहिले, आणि पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत सोडले नाही. कान बरे होण्याची वाट पाहिली असती तर यातले काय झाले असते, ते तूच सांग.

आता तुझ्या पत्रातल्या त्या शेवटच्या परिच्छेदाविषयी. ‘मी या कामाच्या लायकीचा उरलो नाही’ असे लिहून तू त्याला नम्रता म्हणतोस. अरे, लायक तू आधी तरी कधी होतास? आपण कोणी तरी होतो असे मानणारा माणूसच आता आपण कोणी राहिलो नाही म्हणून रडतो. इस्राएलाचा सेनानी गिदोन लढाईला निघाला तेव्हा त्याचे बत्तीस हजार लोक देवाने तीनशेवर आणले ते याचसाठी, की आपल्याच हाताने आपली सुटका झाली असे इस्राएलाने म्हणू नये. तुझे तीनशे उरले आहेत आणि तू अजून बत्तीस हजारांचा हिशेब मांडत बसला आहेस. दुसऱ्याचा हात मागायला तुला जड जाते, खरे दुखणे तिथे आहे, आणि ते औषधाने जाणारे नाही.

तेव्हा पुढच्या अभ्यासाला जा. उभे राहवत नसेल तर बसून बोल. पुस्तक थरथरले तर शेजारच्याला धरायला सांग. वाक्य तुटले तर क्षणभर थांब आणि पुढचे बोल. थकवा आला की उरलेला भाग दुसऱ्याकडे सोपवून घरी जा आणि झोप. औषधे चुकवू नकोस. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे दहा ते बारा हे अध्याय सलग घ्या, कारण बाराव्यातली कृपेची ती एक ओळ तोडून घेतली तर टोपली आणि फटके मागे राहतात. मुलांना आजाराविषयी काय सांगू, असे तू विचारले आहेस. जे आहे ते सांग: बरे वाटत नाही, प्रार्थना चालू आहे, काटा अजून निघालेला नाही. आणि मग त्यांना तुझ्यासाठी प्रार्थना करू दे.

तुझा,
काका